त्यांचं वाक्य त्यांनाच पूर्ण करू दे

प्रश्न : ताई, पक्षाघात झालेल्या लोकांच्या एका गटात मी आठ महिन्यांपासून दर शनिवारी स्वयंसेविका म्हणून जाते. माझ्या बाबांना पक्षाघात झाला तेव्हा मी नोकरीसाठी लांब होते. त्यांच्यासाठी काहीच करता आलं नाही. तीन वर्षांपूर्वी ते गेले. गटात एक काका येतात, जन्मभर हिशेबनीस होते. उजवा हात चालत नाही, बोलताना शब्द सापडत नाहीत. मागच्या महिन्यात ते सगळ्यांना काहीतरी सांगत होते आणि सारखे अडखळत होते. मला बघवेना. मी त्यांचं वाक्य पूर्ण केलं, मग पुढचंही. शेवटी ‘शाब्बास काका!’ म्हणून टाळ्या वाजवल्या. त्यांनी काठी जमिनीवर आपटली आणि उठून गेले. तेव्हापासून तीन शनिवार ते आलेले नाहीत. ज्यांना आधार द्यायला गेले त्यांनाच मी दुखावलं. हे काम सोडून देऊ का?

उत्तर : नाही, सोडू नकोस.

त्या काठीचा आवाज माझ्या ओळखीचा आहे. माझ्या नवऱ्याला पक्षाघात झाला, त्याला आता नऊ वर्षं झाली. सुरुवातीच्या दिवसांत ते ‘खा... खा...’ म्हणायचे आणि मी धावत सुटायचे. खायला हवंय का? खांदा दुखतोय का? खाट हलवू का? एकदा त्यांनी हातातला पेला भिंतीवर फेकला. ते काय म्हणत होते हे मला दोन दिवसांनी कळलं. ‘खाली बस.’ मी दिवसभर उभीच असायचे ना, म्हणून. ते माझी काळजी करत होते आणि मी त्यांना तेवढंही करू देत नव्हते.

काकांना जे झालंय त्याला वाचाघात म्हणतात, डॉक्टर अफेजिया म्हणतात. बहुतेकांच्या मेंदूत भाषेचं काम डावी बाजू सांभाळते आणि शरीराची उजवी बाजूही तीच चालवते. म्हणून उजवा हात आणि बोलणं पुष्कळदा एकाच वेळी जातं. पण अक्कल जात नाही. आठवणी, मतं, मान-अपमान सगळं आत शाबूत असतं. शब्दापर्यंत जायची वाट तेवढी मोडलेली असते, आणि प्रत्येक शब्दासाठी नवी पायवाट शोधावी लागते. ती तुडवायला वेळ लागतो, तो वेळच तू काढून घेतलास. मग टाळ्याही वाजवल्यास, आणि त्या पडल्या तुझ्या वाक्याला. ज्या माणसाने जन्मभर पै-पैचा हिशेब जुळवला, त्याला लहान मुलासारखी शाबासकी मिळाली. मी रागावून लिहीत नाहीये. आपल्यापैकी जवळजवळ प्रत्येकाकडून सुरुवातीला हेच होतं.

शब्द अडला की थांबायचं. मनात दहा आकडे मोज. दहा आकडे किती लांब असतात ते तेव्हा कळेल. नजर त्यांच्याकडेच ठेव, पण उत्सुकतेची, दयेची नको. तरी शब्द आला नाही तर विचार, ‘थांबू, की मदत करू?’ ठरवू दे त्यांना. जवळ कोरा कागद आणि जाड पेन असू दे. डाव्या हाताने काढलेली वेडीवाकडी रेघही पुष्कळ काही सांगून जाते. वाचाघातात तोंडून ‘हो’ निघतं आणि मनात ‘नाही’ असतं, असंही होतं. तेव्हा जे समजलं ते परत बोलून खात्री करून घे. आणि समजलं नाही तर नाही म्हण. खोटी मान हलवलेली त्यांना लगेच कळते.

तू डॉक्टर नाहीस, स्पीच थेरपिस्ट नाहीस, म्हणून आपला उपयोग काय असंही तुला वाटत असेल. पॅट्रिशिया नील या अभिनेत्रीला १९६५ साली एकापाठोपाठ मेंदूत रक्तस्राव झाले, तेव्हा त्या गरोदर होत्या. चालणं गेलं, बोलणं गेलं. त्यांचे पती, लेखक रोआल्ड डाल यांनी शेजारीपाजारी आणि मित्रमंडळींच्या पाळ्या लावल्या. कुणी वाचून घ्यायचं, कुणी कोडी सोडवायला बसायचं, रोज काही तास. त्यांतल्या व्हॅलरी ईटन ग्रिफिथ या त्याच गावातल्या बाई, वैद्यकीय शिक्षण अजिबात नसलेल्या. त्या नेटाने येत राहिल्या. नील पुन्हा कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या आणि १९६८च्या चित्रपटातल्या भूमिकेसाठी त्यांना ऑस्करचं नामांकन मिळालं. पुढे ग्रिफिथबाईंच्याच अनुभवावर ब्रिटनमध्ये पक्षाघात झालेल्यांसाठी स्वयंसेवकांची योजना उभी राहिली. प्रत्येकजण नीलसारखा बरा होत नाही, तशी आशा कुणाला लावूही नये. पण एक साधी बाई दर वेळी येऊन बसली, एवढ्यावरून केवढं काम सुरू झालं बघ.

आता काकांचं. ते तुझ्यामुळेच येत नाहीत असं धरून चालू नकोस. पक्षाघातानंतरचा थकवा भयंकर असतो, दोन तास माणसांत बसलं की दुसरा दिवस झोपेत जातो. साधारण तीनातल्या एकाला नैराश्यही येतं, आणि ज्याला बोलता येत नाही त्याचं नैराश्य घरच्यांच्याही ध्यानात येत नाही. आधी गट चालवणाऱ्यांशी बोल, त्यांच्यामार्फत घरी विचार. तीन आठवड्यांनी का होईना, कुणीतरी चौकशी केली एवढंही त्यांच्या घराला लागेल.

काकांची हरकत नसेल तर भेटून ये. फोन नको. वाचाघातात फोन फार कठीण जातो, समोरचा चेहरा दिसत नाही, हातवारे करता येत नाहीत. वाक्यं छोटी ठेव. ‘त्या दिवशी मी तुम्हाला बोलू दिलं नाही. माझं चुकलं. तुम्ही काय सांगत होतात?’ एवढं म्हण आणि गप्प बस. त्यांना भेटायचं नसेल तर हेच ठळक अक्षरात लिहून पाठव. परत यायचं की नाही, ते त्यांचं ते ठरवतील.

आले तर त्यांना काहीतरी काम दे. गटाची हजेरी किंवा जमाखर्चाची वही. आकडे जमतात का हे त्यांनाच विचार, वाचाघातात काहींना आकडेही छळतात. जमत नसतील तर नव्याने आलेल्या माणसाशेजारी बसणं हेसुद्धा मोठं काम आहे. महिन्याभरापूर्वी पक्षाघात झालेला माणूस तुझ्याकडे बघत नसतो, तो काकांकडे बघतो. हा माणूस काठी घेऊन का होईना, चालत आला, हे त्याला दिसतं. ते तू कितीही जीव तोडलास तरी देऊ शकणार नाहीस, आणि मीही नाही.

एक अवघड गोष्ट राहिली. ‘मला बघवेना’ असं तू लिहिलंस, आणि त्याआधी बाबांबद्दल. मला वाटतं तुझी घाई तिथून येते. बाबांच्या वेळी हातातून गेलेला वेळ तू दर शनिवारी भरून काढायला बघतेस, म्हणून कुणी अडखळलं की तुझा जीव वर-खाली होतो. त्यात तुझा दोष नाही. नोकरी करणाऱ्या मुलीला सगळं सोडून येता आलं नाही, हे तुझ्या बाबांनाही कळलं असेल. पण हे ओझं गटात नेऊ नकोस. बाबांबद्दल कुणाजवळ तरी मोकळी हो. गटात पेशंटच्या बायका, मुलं येत असतीलच. आतली मंडळी व्यायाम करतात तेव्हा त्या बाहेर बसतात ना, त्यांच्यात जाऊन बस एखाद्या दिवशी.

आणि काकांना त्या दिवशी काय सांगायचं होतं, ते समजलं तर मला जरूर कळव. पत्र वाचल्यापासून मी त्याचाच विचार करते आहे.