लेकराच्या तोंडातली रोटाची लस : वाचकांचे प्रश्न

दिवाळी झाली की आम्ही कामासाठी अकोल्याकडे जातो, होळीला परत येतो. बाळ दोन महिन्यांचं आहे, रोटाचा पहिला डोस झाला. बाकीचे दोन परत आल्यावर घेतले तर चालतील का? – एक वडील, धारणी तालुका

नियमाने चालतील, पण बाळाच्या दृष्टीने चालणार नाहीत. रोटाचे, म्हणजे बाळांना हगवण लावणाऱ्या रोटा विषाणूविरुद्धच्या लसीचे, तीन डोस 6, 10 आणि 14 आठवड्यांना देतात. कॅलेंडरवर मोजायचे तर जन्मापासून 42, 70 आणि 98 दिवस. ‘दीड महिना, अडीच महिने’ असं अंदाजाने धरलं की डोस काही दिवस सरकतो, मग लसीकरणाचा वार हुकतो, आणि बघता बघता महिना जातो. तुमच्या बाळाचा पहिला डोस वेळेवर झाला असेल, तर दुसरा पुढच्या आठवड्या-दीड आठवड्यातच येतो. तो घेऊनच गाव सोडा. दोन डोसांमध्ये किमान 28 दिवस हवेत, त्याआधी घाई करून उपयोग नाही.

तिसरा डोस अकोल्याकडेच घ्या. सरकारी लसीकरण सत्रात तो फुकट मिळतो, तुम्ही त्या गावचे असायला हवं असं नाही. वीटभट्टीवर असा की शेतावर, पोहोचल्याबरोबर तिथल्या आशाताईंना बाळाची जन्मतारीख सांगा म्हणजे त्यांच्या यादीत नाव चढेल. लसीकरणाचं कार्ड गाठोड्यात भिजतं, फाटतं, म्हणून त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

एवढा आग्रह धरायचं कारण असं की रोटाची हगवण आपल्याकडे थंडीत जास्त होते. म्हणजे तुम्ही बाहेर असता ते नेमके तेच महिने, आणि तेव्हाच बाळ अर्धवट लस घेतलेलं राहील. तरीही राहून गेलंच तर सुरुवातीपासून पुन्हा देत नाहीत, राहिलेले डोस तेवढे पूर्ण करतात. पहिला डोस मात्र वर्षाच्या आत व्हावा लागतो. वर्ष उलटलेल्या बाळाला आपल्या कार्यक्रमात रोटा सुरूच करत नाहीत. पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेलेल्या मुलींच्या बाळांचा पहिलाच डोस ‘सासरी गेल्यावर बघू’ म्हणून राहतो. तो माहेरीच घ्यायला लावा.

तिन्ही डोस वेळेवर झाले, तरी श्रावणात बाळाला हगवण लागली. मग लसीचा फायदा काय? – एक आई, यवतमाळ जिल्हा

पावसाळ्यातली हगवण बहुतेकदा गढूळ पाण्यातल्या दुसऱ्याच जंतूंची असते, आणि त्यांच्यावर ही लस चालत नाही. रोटाचीही सौम्य हगवण लसीनंतर होऊ शकते. सलाईन लावायची पाळी आणणारी, बाळ सुकवून टाकणारी रोटाची हगवण टाळणं हे या लसीचं काम.

तेही शंभर टक्के होत नाही, हे सांगायला हवं. दिल्ली, पुण्याजवळचं वढू आणि वेल्लोर इथे 6,799 बाळांवर रोटाव्हॅक या भारतीय लसीची चाचणी झाली. तिच्यात रोटाची तीव्र हगवण सुमारे 54 टक्क्यांनी कमी झाली. श्रीमंत देशांत अशा लसींचा आकडा 85च्या पुढे जातो. गरीब वस्तीत तो का घसरतो, तर आईकडून आलेली प्रतिपिंडं, बाळाच्या आतड्यात आधीच असलेले जंतू, कुपोषण आणि सोबत दिलेली पोलिओची लस अशी कारणं मिळून लसीचा विषाणू आतड्यात नीट रुजत नाही. पण जिथे मुलं दगावतात तिथे अर्ध्याने कमी होणं ही फार मोठी गोष्ट आहे. 2013 साली जगात रोटाने पाच वर्षांखालची सुमारे 2 लाख 15 हजार मुलं गेली, त्यातली जवळपास 47 हजार एकट्या भारतातली होती.

हगवण लागली तर लस झाली आहे म्हणून थांबू नका. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात कालवा. अर्धं पाकीट ग्लासात टाकणं ही नेहमीची चूक आहे, त्याने मीठ जास्त होतं. तयार पाणी 24 तासांनंतर फेका. प्रत्येक जुलाबानंतर दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला पाच चमचे, त्यापुढे दोन वर्षांपर्यंत पाव ते अर्धा ग्लास, चमच्या-चमच्याने द्या. झिंकची 20 मिलिग्रॅमची गोळी सहा महिन्यांपर्यंत अर्धी, पुढे पूर्ण, 14 दिवस द्यायची. दोन दिवसांत जुलाब थांबले म्हणून ती बंद करू नका. अंगावरचं दूध चालूच ठेवा.

आमच्याकडे कधी थेंबांची लस येते, कधी भुकटीची. गोंधळ होतो. – एक नर्सताई, गडचिरोली जिल्हा

दोन्ही तोंडावाटेच द्यायच्या, टोचायची एकही नाही. थेंबांच्या रोटाव्हॅकचे पाच थेंब. शेजारीच पोलिओचे दोन थेंब असतात, म्हणून ड्रॉपरची अदलाबदल होऊ देऊ नका. भुकटीच्या रोटासिलचा डोस अडीच मिली. ती फक्त तिच्यासोबत आलेल्या द्रावणातच कालवायची. त्या द्रावणात सायट्रेट आणि बायकार्बोनेट असतं, ते पोटातलं आम्ल मारतं. साधं पाणी किंवा दुसऱ्या लसीचं द्रावण वापरलं तर लसीचा विषाणू पोटातच मरतो. कार्डावर डोस लागतो, बाळाला मात्र काही मिळत नाही.

बाळ आईच्या मांडीवर अर्धवट आडवं ठेवा. सिरिंजला सुई नाही हे पाहून घ्या आणि गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू सोडा. घशात जोरात सोडली की ठसका लागतो आणि लस बाहेर येते. तोंडावाटेच्या लसी आधी द्या, सुया नंतर. रडणाऱ्या बाळाला पाजणं अवघड जातं.

मेमध्ये कॅरियर, म्हणजे लसीचा थंड डबा, बंदच ठेवा आणि प्रत्येक कुपीचा व्हीव्हीएम, म्हणजे उष्णतेने रंग बदलणारी कुपीवरची खूण, पाहा. आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळाएवढा गडद झाला की ती कुपी बाद. दुसरा-तिसरा डोस शक्यतो त्याच प्रकारचा द्या, पण त्यासाठी बाळाला परत पाठवू नका.

डोसाआधी दूध बंद ठेवावं का? आमचं बाळ वजनाने कमी आहे. – वाशीम

दूध आधीही पाजा, नंतरही. कमी वजन, नऊ महिन्यांआधीचा जन्म, साधी सर्दी, यासाठी डोस लांबवत नाहीत. काही दिवस लंगोट बदलल्यावर साबणाने हात धुवा, शीतून लसीचा विषाणू बाहेर पडतो.

लसीने आतडं अडकतं असं ऐकलं. खरं का? – एक आजी, चिखलदरा तालुका

आतड्यात आतडं शिरतं, तो आजार लस न घेतलेल्या बाळांनाही होतो. इतर देशांतल्या काही रोटा लसींनंतर त्याचा धोका किंचित वाढलेला दिसला. रोटाव्हॅक सुरू झाल्यावर भारतात झालेल्या पाहणीत तसं आढळलं नाही. ज्या बाळाला हा आजार आधी होऊन गेला आहे, त्याला मात्र ही लस देत नाहीत.

लक्षणं ओळखा. बाळ पाय पोटाशी घेऊन कळवळून रडतं, थोडा वेळ शांत होतं, पुन्हा रडतं. वारंवार उलट्या होतात, पोट फुगतं, शीमधून रक्त आणि शेंबडासारखं चिकट पडतं. अशा वेळी पोटावर चटके देऊ नका, मेळघाटात ज्याला डम्मा म्हणतात तो देऊ नका, घुटीही नको. त्यात जातो तोच वेळ मोलाचा असतो, कारण अडकलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा तासागणिक कमी होतो. लवकर पोहोचलं तर पुष्कळदा पोट न कापता आतडं मोकळं करता येतं. 108 ला फोन करा आणि सर्जन असलेल्या रुग्णालयातच न्या.