टेन्शन गेलं की श्वास अडकायचा थांबेल का?

‘मॅडम, टेन्शनमुळेच होतंय ना हे? टेन्शन कमी झालं की जाईल ना?’ रात्री घुसमटून जाग येणारी, सकाळी उठल्यापासूनच दमलेली माणसं हमखास हे विचारतात. उत्तर एका ताईंच्या अनुभवातून देते. त्यांची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

वय ५२, माध्यमिक शाळेत शिक्षिका. घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई, मुलगा परगावी शिकायला. शाळेत दहावीचे वर्ग, वर रोज कसली ना कसली ऑनलाइन माहिती भरायचा जाच. पाळी बंद होऊन काही वर्षं झालेली. बीपीची एक गोळी पुरेना म्हणून दुसरी सुरू झाली, तेव्हा फॅमिली डॉक्टर म्हणाले, ‘टेन्शन फार घेता तुम्ही, कुणाशी तरी बोला.’ म्हणून त्या माझ्याकडे समुपदेशनाला आल्या. पहाटे तीन-चारच्या सुमारास छातीत धडधडून त्या उठून बसायच्या. हा पॅनिक अ‍ॅटॅकच, असं मोबाइलवर वाचून त्यांनी ठरवूनही टाकलं होतं.

ताण खराच होता, त्यात शंका नाही. पण काही गोष्टी जुळत नव्हत्या. काळजीनं पोखरलेला माणूस सहसा अंथरुणावर तळमळत पडतो. या ताई मात्र उशीला डोकं टेकलं की झोपायच्या. बसमध्ये डुलकी, स्टाफरूममध्ये डुलकी, पेपर तपासता तपासता हातातलं लाल पेन घसरायचं. रात्री दोन-तीनदा लघवीला उठणं, सकाळी डोकं जड, तोंडाला कोरड. झोपाळूपणा मोजायला एपवर्थ नावाची साधी प्रश्नावली आहे, ऑस्ट्रेलियात १९९१ मध्ये तयार झालेली. बसून वाचताना, टीव्ही बघताना, प्रवासात अशा आठ प्रसंगी डोळा लागण्याची शक्यता किती, याला शून्य ते तीन गुण द्यायचे. एकूण २४ पैकी १० च्या वर गेलं तर डॉक्टरांना दाखवावं. ताईंचे १६ आले.

‘घोरता का?’ असं विचारल्यावर त्या चटकन ‘छे!’ म्हणाल्या. बाईमाणसानं घोरणं म्हणजे आपल्याकडे थट्टेचा विषय, त्यामुळे या ‘छे’वर मी फारसा विश्वास ठेवत नाही. पुढच्या वेळी यजमानांना बरोबर आणायला सांगितलं. ते बरीच वर्षं बाहेरच्या खोलीत झोपत होते. पहाटे दुधाला उठावं लागतं, हे सांगायचं कारण. बरेच आढेवेढे घेऊन म्हणाले, ‘घोरते. पण मध्येच सगळं शांत होतं, आणि मग एकदम हुंदका दिल्यासारखा आवाज येतो. तिला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही कधी.’ ताई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. लग्नाकार्याला गेलं तरी रात्री उशिराची गाडी पकडून घरी यायचा ताईंचा हट्ट का असायचा, ते तेव्हा उलगडलं. एका मुक्कामात जावांनी हसून हसून त्यांच्या घोरण्याची नक्कल केली होती.

पुढचं काम माझं नव्हतं. मी त्यांना छातीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं आणि स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतल्या श्वासाची तपासणी झाली. झोपेत श्वास दहा किंवा अधिक सेकंद थांबला किंवा बराच कमी झाला, तर ती एक घटना धरतात. तासाला पाचपेक्षा कमी घटना म्हणजे ठीक. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, त्यावर तीव्र स्लीप अ‍ॅप्निया, म्हणजे झोपेत वारंवार श्वास अडकण्याचा आजार. ताईंचा आकडा होता २७.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात आणि श्वासाची वाट मिटते. रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू क्षणभर जागा करतो, अ‍ॅड्रेनलिन उसळतं, नाडी आणि बीपी वर जातं. ही धडधड चिंतेसारखीच भासते, पण सुरुवात घशातून झालेली असते. स्वप्नांच्या झोपेत स्नायू सर्वांत ढिले असतात, आणि ती झोप पहाटेकडे जास्त. म्हणून तीन-चारची वेळ. पाळी गेल्यानंतर बायकांत हा धोका वाढतो, पण घोरण्याऐवजी त्या थकवा, चिडचिड, झोपमोड सांगतात आणि सगळं ‘टेन्शन’च्या खात्यात जमा होतं.

मग ताणाचा काहीच संबंध नाही का? आहे, पण आडून. ताणात खाणं वेळी-अवेळी होतं, वजन वाढतं, झोपेचे तास कमी होतात, कुणी दारू जवळ करतो. उलट बाजूनं, रात्रभर असं सतत जागं झालेलं शरीर दिवसा साध्या बोलण्यावरही भडकतं. मात्र नुसता ताण कमी करून घसा उघडा राहत नाही. प्राणायाम जरूर करा, मन शांत होतं. पण झोपेत मिटणारी वाट त्यानं उघडेल या भरवशावर तपासणी टाळू नका. आणि शेजारणीनं दिलेली झोपेची अर्धी गोळी तर नकोच. अशा काही गोळ्यांनी घशाचे स्नायू आणखी ढिले पडतात. ताईंच्या पर्समध्येही तशी एक पट्टी निघाली. ती डॉक्टरांना दाखवायला लावली.

डॉक्टरांनी सीपॅप मशीन सुचवलं. ऑस्ट्रेलियातल्याच कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये हा उपाय पहिल्यांदा मांडला. मास्कमधून दाबानं हवा येते आणि घशाची वाट उघडी धरते. लोकांना वाटतं ऑक्सिजन लावलाय. तसं नाही, खोलीतली साधी हवाच असते. ताईंनी पहिल्या रात्री तो काढून फेकला. ‘जीव गुदमरतोय मॅडम, त्यापेक्षा घोरलेली बरी!’

इथे मात्र समुपदेशनाचा खरा उपयोग झाला. आधी मशीन बंद ठेवून, दिवसा मालिका बघताना मास्क नुसता हातानं चेहऱ्याशी धरायचा. मग पट्टे बांधून. मग मशीन सुरू करून, जागेपणीच. मग दुपारची झोप, आणि शेवटी रात्र. भीती वाढली की एक पायरी मागे यायचं, त्यात हार मानायची नाही. डॉक्टरांनी मास्कचा आकार बदलून दिला, त्यानंही फरक पडला. रात्री चार तास तरी लागला पाहिजे असा डॉक्टरांचा पहिला टप्पा होता. तो गाठायला महिना-दीड महिना गेला.

पहाटेची धडधड थांबली. डुलक्या गेल्या. बीपीची गोळी मात्र चालूच आहे, ती कमी करायची की नाही हे डॉक्टर ठरवतील. वजन उतरवायचं ठरलंय, कारण त्यानं घटनांची संख्या खाली येते. पण मशीन लगेच सुटेल अशी आशा मी दाखवली नाही.

सासूबाई अजून अंथरुणावरच आहेत, शाळेचे कागदही तेवढेच. तो ताण मास्कनं जात नाही, आणि त्यासाठी ताई आजही येतात. सध्या विषय आहे नणंदेचा: वर्षातले दोन महिने आईला तिनं न्यावं, हे तिला कसं सांगायचं. पूर्वी हा विषय निघाला की त्या रडायच्या. परवा त्यांनी काय काय बोलायचं ते वहीत मुद्दे काढून आणलं होतं.