जिवाणू 'सुप्त' की 'निष्क्रिय'?

नाशिकच्या एका शिक्षिकेची विचारणा आहे. शाळेच्या भित्तिपत्रकासाठी 'डीएनए-बाइंडिंग प्रोटीन्समुळे रोगजंतू डॉर्मंट होतात' हे वाक्य मराठीत आणायचंय. 'डॉर्मंट'ला निष्क्रिय म्हणू की सुप्त? आणि 'डीएनए-बंधक प्रथिनं' चालेल का?

ताई, निष्क्रिय नकोच. लशीतला 'निष्क्रिय केलेला' विषाणू पुन्हा कधी उठत नाही. 'सुप्त' आलाय 'स्वप्' धातूवरून, म्हणजे स्वप्नाचा सख्खा भाऊ. झोपलाय म्हटलं की उठणं आलंच. ('निद्रिस्त' हा शब्द ज्वालामुखीला शोभतो, जिवाणूला जरा नाटकी वाटतो.)

आपल्याकडे हा फरक शेतातच दिसतो. द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीनंतर काडीवरचे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइड हे रसायन लावतात. तो डोळा सुप्त. चाळीतल्या कांद्याची सुप्तावस्था सरली की त्याला कोंब येतो, तोही सुप्तच होता. पण लासलगावला गॅमा किरण दिलेला कांदा? त्याची कोंब धरायची ताकदच जाते. त्याला सुप्त म्हणता येणार नाही.

क्षयाचा जिवाणू पहिल्या प्रकारचा, म्हणजे सुप्त होणारा. जगातल्या सुमारे पाव लोकसंख्येला त्याचा संसर्ग झालेला असल्याचा अंदाज आहे, पण बहुतेकांना आजार होत नाही. फुप्फुसातल्या गाठीत प्राणवायू कमी पडला की त्याची दोन संवेदक प्रथिनं ते ओळखतात आणि डॉसआर नावाच्या तिसऱ्याला फॉस्फेट चिकटवतात. मग डॉसआर डीएनएवर ठरावीक जागी जाऊन बसतं आणि पन्नासेक जनुकं चालू करतं. जिवाणू वाढ थांबवतो, कमी प्राणवायूत तग धरायची तजवीज करतो. बरीच औषधं वाढत्या जिवाणूवरच नीट चालतात. झोपलेला त्यांतून निसटतो. क्षयाची औषधं महिनोन्महिने घ्यावी लागतात, त्यामागचं हे एक कारण.

आता 'बंधक'. मराठीत हा शब्द ओलीस ठेवलेल्या माणसाची आठवण करून देतो. शिवाय 'बांधणं' म्हटलं की करकचून आवळणं डोळ्यांपुढे येतं, आणि डॉसआर तर आवळत नाही, उलट जनुकं उघडतं. त्याच्यासाठी 'डीएनएला जोडलं जाणारं' बरं. गंमत म्हणजे आवळणारंही एक प्रथिन आहे: डीपीएस. 'उपाशी पेशींतलं डीएनएला धरणारं प्रथिन' या अर्थाचं हे लघुरूप. ई. कोलाय जिवाणूची उपासमार झाली की ते भरपूर तयार होतं आणि डीएनएची जवळपास स्फटिकासारखी घट्ट मोळी बांधतं. तिथे 'बांधणारं' अगदी चपखल.

तुमच्या वाक्यात दोन्ही प्रकार सामावायला हवेत, म्हणून मी असं लिहीन: 'डीएनएला जोडल्या जाणाऱ्या काही प्रथिनांच्या मदतीने रोगजंतू सुप्तावस्थेत जातात.' 'मुळे' मुद्दाम काढलंय. खरं कारण असतं प्राणवायूचा तुटवडा किंवा उपासमार; प्रथिनं फक्त हातभार लावतात. मुलं लहान असतील तर 'सुप्त अवस्थेत' असं सुटं लिहा, वाचायला सोपं जाईल.