१४ तासांच्या फ्लाइटला बिझनेस क्लासचे जास्तीचे पैसे द्यावेत का?

तुम्ही विचारलंय की १४ तासांची सलग फ्लाइट आहे, पोचल्यावर लगेच कामाला लागायचंय, तर इकॉनॉमीच्या कितीतरी पट पैसे मोजून बिझनेस क्लास घ्यावा का. माझं सरळ उत्तर असं की फ्लाइट रात्रीची असेल आणि सीट खरोखर पूर्ण आडवी होणारी असेल तर बिनधास्त घ्या, यातलं एक जरी नसेल तर मी तरी घेणार नाही. कारण तिथे तुम्ही पैसे देता ते झोपेचे. शॅम्पेन, गरम टॉवेल, ते छोटं पाऊच, सगळं छान वाटतं, पण तासाभरात त्याचं अप्रूप संपतं आणि पुढचे १३ तास फक्त तुम्ही आणि ती सीट.

म्हणून आधी सीट बघा, एअरलाइनचं नाव नंतर. बिझनेसमध्ये पूर्ण सपाट होणारा बेड ब्रिटिश एअरवेजने २००० साली आणला, त्यानंतर बाकीच्यांनीही तो आणला, पण मधल्या काळात बऱ्याच कंपन्यांनी तिरप्या सीट बसवल्या, म्हणजे सीट सरळ होते पण जमिनीशी समांतर होत नाही, पायाकडे उतार राहतो आणि झोपेत माणूस हळूहळू खाली घसरत जातो, दर अर्ध्या तासाने वर सरकायचं. अशी सीट कमी झालीये पण संपलेली नाही. दुसरं म्हणजे रांगेची मांडणी. १-२-१ असेल, म्हणजे दोन्ही खिडक्यांकडे एकेक आणि मधे दोन सीट, तर प्रत्येकाला थेट पॅसेजमध्ये उतरता येतं, २-२-२ असेल तर खिडकीवाल्याला रात्री बाथरूमला जायचं तर शेजारच्या झोपलेल्या माणसाच्या पायांवरून जावं लागतं. जोडीने जाणार असाल तर २-२-२ चालून जातं, एकट्याने जाताना मला ते अजिबात पटत नाही. कतार एअरवेजने २०१७ मध्ये क्यूस्वीट नावाची बिझनेस सीट आणली तिला तर सरकतं दार आहे, आता इतरांकडेही दारं यायला लागलीयेत. दार असलं की बरं वाटतं हे खरं, पण झोपेच्या दृष्टीने मला दारापेक्षा पाय ठेवायची जागा महत्त्वाची वाटते. बऱ्याच सीटमध्ये पाय पुढच्या सीटच्या खालच्या कप्प्यात जातात आणि तो कप्पा इतका निमुळता असतो की कुशीवर वळताना गुडघे अडकतात. सगळ्यात पुढच्या रांगेत हा कप्पा बहुतेक वेळा मोठा असतो, मात्र लहान बाळांचे पाळणेही तिथेच लावतात, तेवढं लक्षात ठेवा. गॅली (विमानातलं स्वयंपाकघर) आणि बाथरूमजवळची सीट टाळाच, रात्रभर उजेड आणि खडखडाट.

हे सगळं बुकिंगच्या आधी कळतं. एकाच एअरलाइनच्या दोन विमानांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो, म्हणून तुमच्या फ्लाइटला कुठलं विमान लागतं ते बघा आणि एअरोलोपासारख्या साइटवर त्याचा सीटचा नकाशा उघडा, तिथे खिडकी नेमकी कुठे येते इथपर्यंत दिसतं. ऐनवेळी विमान बदलू शकतं, त्यामुळे निघायच्या दोन दिवस आधी परत एकदा तपासा.

विमानाला मी एवढं महत्त्व देते त्याचं अजून एक कारण आहे. केबिनमधली हवा सगळ्यांना सारखीच, बिझनेसवाल्यांना वेगळी मिळत नाही. नेहमीच्या विमानात आतला दाब साधारण ८,००० फूट उंचीच्या डोंगरावर असतो तितका असू शकतो, बोइंग ७८७ आणि एअरबस ए३५० मध्ये तो ६,००० फुटांच्या आसपास ठेवतात, म्हणजे अंगाला त्रास कमी. हवा कोरडी तर असतेच, नाक सुकतं, जिभेला चव कमी लागते, त्यामुळे जेवण कितीही सजवून आणलं तरी खाली हॉटेलात लागतं तसं लागत नाही. म्हणून मी लाउंजमध्येच जेवून घेते, शक्य असेल तर तिथेच आंघोळ करते, आणि विमानात चढल्यावर क्रूला सांगते की मला जेवण नको, उतरायच्या आधी नाश्त्याला उठवा. सीट बेल्टची खूण बंद झाली की गादी पसरायची, आणि बेल्ट ब्लँकेटच्या वरून लावायचा, म्हणजे विमान हलायला लागलं तरी तपासायला कुणी तुम्हाला उठवत नाही. दारू फुकट आहे म्हणून पिऊ नका, झोप लागते पण मध्येच मोडते. आणि आडवं पडायला मिळालं म्हणजे पायात रक्त गोठायचा धोका संपला असं नाही हं, तासनतास न हलणं हेच त्याचं कारण, तेव्हा जाग आली की एक चक्कर मारा, पाणी प्या.

तिकिटाचे नियमही वाचा. काही एअरलाइन्स आता स्वस्तातलं बिझनेस तिकीट विकतात त्यात लाउंज नसतो, सीट आधी निवडता येत नाही. आणि पुढे युरोपातली छोटी कनेक्टिंग फ्लाइट असेल तर तिथलं बिझनेस म्हणजे बहुतेक वेळा इकॉनॉमीचीच सीट, फक्त शेजारची रिकामी ठेवलेली, तिथे बेड शोधू नका.

बजेट अगदीच ताणलं जात असेल तर दोन्ही बाजूंनी बिझनेस घ्यायची गरज नाही. बऱ्याच एअरलाइन्स जाताना एक क्लास आणि येताना दुसरा असं एकाच तिकिटात देतात, तेव्हा रात्रीची बाजू बिझनेसने करा आणि दिवसाची प्रीमियम इकॉनॉमीने, म्हणजे इकॉनॉमी आणि बिझनेसच्या मधल्या क्लासने. काही कंपन्या निघायच्या आधी अपग्रेडसाठी बोली लावू देतात, तोही प्रयत्न करून बघा, पण तुमचं दुसऱ्या दिवशीचं काम खरंच महत्त्वाचं असेल तर त्या बोलीच्या भरवशावर राहू नका, जायचं तिकीट आत्ताच पक्कं करा.