कंपनीच्या मेडिक्लेममध्ये घरच्यांची नावं : वाचकांचे प्रश्न

माझं लग्न फेब्रुवारीत झालं. कंपनीकडून पाच लाखांचा मेडिक्लेम आहे. जुलैत बायकोचं नाव घालायला गेलो तर पोर्टलवर पर्यायच दिसेना. एचआर म्हणतं, 'पुढच्या रिन्यूअलला बघू.' हप्ता कंपनी भरते, मग अडतं कुठे?

अडतं ते मुदतीपाशी. ग्रुप पॉलिसी हा तुमची कंपनी आणि विमा कंपनी यांच्यातला करार आहे. तुम्ही त्यातले सभासद, करार करणारे नव्हे. घरच्यांची नावं घालायची दारं सहसा तीन वेळाच उघडतात : पॉलिसी सुरू किंवा रिन्यू होताना, तुम्ही नोकरीत रुजू होताना आणि लग्न किंवा बाळाचा जन्म झाल्यावर. शेवटच्या दोन्ही वेळी बहुतेक ठिकाणी ३० दिवस मिळतात, काही करारांत १५च. हे दिवस लग्नाच्या तारखेपासून मोजतात. विवाहनोंदणीचा दाखला हातात आला की मग बघू, असं म्हणणाऱ्यांची मुदत तिथेच निघून जाते. पोर्टल सुरुवातीला बहुधा नाव, जन्मतारीख, नातं आणि लग्नाची तारीख एवढंच मागतं, तेवढं लगेच भरून टाकावं. दाखला मागाहून देता येतो.

विमा कंपनी इतकी ताठर का, तर ग्रुप पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांचा प्रतीक्षाकाळ, म्हणजे त्यांचा खर्च मिळू लागेपर्यंत थांबायचा काळ, बहुधा माफ असतो. वर्षात केव्हाही नाव घालायची मुभा दिली, तर ऑपरेशनची तारीख ठरल्यावरच लोकांना नाव घालायचं सुचेल.

आता काय करता येईल? लग्नानंतरच्या ३० दिवसांत तुम्ही एचआरला याबद्दल मेल केला असेल तर तो शोधा. अशा मेलच्या आधारे एचआर विमा ब्रोकरमार्फत 'उशिराची नोंद' मान्य करून घ्यायचा प्रयत्न करू शकतं. विमा कंपनी कधी मानते, कधी नाही. हक्क म्हणून मागता येत नाही. मेल नसेल तर रिन्यूअलची नेमकी तारीख विचारून ठेवा; ती १ एप्रिलच असते असं नाही. तोवर पत्नीची माहेरकडची किंवा स्वतःची जुनी पॉलिसी असेल तर ती बंद करू नका.

जाता जाता एक. पोर्टलवर 'सेव्ह' दाबून लोक निवांत होतात, पण 'सबमिट' राहून गेलेलं असतं. सबमिट केल्यावरही नाव एचआरकडून ब्रोकरकडे, तिथून विमा कंपनीकडे जातं. तिथे तुमच्या कंपनीच्या सीडी खात्यात, म्हणजे आगाऊ ठेवीत, पैसे शिल्लक लागतात. हप्ता जमा झाल्याशिवाय जोखीम घ्यायची नाही, असं विमा कायद्याचं कलम ६४ व्हीबी सांगतं. खात्यात खडखडाट असेल तर नाव अडकून पडतं आणि तुम्हाला कोणी कळवत नाही. म्हणून पोर्टलवरच्या हिरव्या खुणेवर जाऊ नका. पत्नीच्या नावाचं ई-कार्ड डाउनलोड झालं की नाव लागलं, असं समजा.

बाळ आठव्या महिन्यातच झालं, एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) आहे. नाव ठेवलेलं नाही, जन्मदाखलाही आलेला नाही. नोंद कशी करायची?

बारशाची वाट पाहू नका. नावाच्या जागी 'बेबी ऑफ' आणि पुढे आईचं पूर्ण नाव असं लिहून नोंद होते. रुग्णालयाचं जन्माचं पत्र किंवा आईचं डिस्चार्ज कार्ड सध्या पुरतं. ३० दिवस जन्मतारखेपासूनच धावतात. जुळी असतील तर दोन स्वतंत्र नोंदी लागतात. दुसऱ्या बाळाची नोंद राहून गेल्याचं बऱ्याचदा क्लेमच्या वेळी कळतं.

जन्माची सरकारी नोंद २१ दिवसांत करायची असते आणि त्यासाठी बाळाचं नाव लागत नाही. नाव दाखल्यावर नंतर घालता येतं, बारा महिन्यांपर्यंत विनाशुल्क. ते घातलं की पॉलिसीतही दुरुस्ती मागून घ्या.

आज रुग्णालयात असतानाच दोन गोष्टी विचारा. पहिली, आईच्या कॅशलेस मंजुरीत बाळाचा खर्च बसतो का? सहसा नाही. बाळासाठी टीपीएकडे, म्हणजे विमा कंपनीसाठी क्लेम हाताळणाऱ्या संस्थेकडे, वेगळा मंजुरीचा अर्ज जावा लागतो आणि विमा विभागाच्या काउंटरवर पाठपुरावा केल्याशिवाय तो जाईलच असं नाही. दुसरी, बाळाचा पहिल्या दिवसापासूनचा खर्च कुटुंबाच्या पूर्ण विमा रकमेतून मिळतो की बाळंतपणाच्या मर्यादेतून? ती मर्यादा ५० हजारांची असेल तर एनआयसीयूच्या बिलापुढे ती काहीच नाही. हे उत्तर तोंडी घेऊ नका, पॉलिसीच्या अटींचा कागद मागवा.

वडील ६८, आई ६३. दोघांना मधुमेह, वडिलांची अँजिओप्लास्टी झालेली. तीन लाखांच्या पालक-पॉलिसीसाठी कंपनी माझ्या पगारातून वर्षाला ३८,००० कापणार. २० टक्के को-पे (मंजूर रकमेतला आपण भरायचा वाटा) आहे. घ्यावी का?

घ्या. बाहेर वैयक्तिक पॉलिसी घ्यायला गेलात तर वडिलांना नकार मिळू शकतो किंवा वाढीव हप्ता लागू शकतो. मिळालीच, तरी जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. २०२४च्या नियमांनी ही कमाल मर्यादा ठरवली आहे. ग्रुपमध्ये वैद्यकीय तपासणी नसते आणि आधीचे आजार बहुधा पहिल्या दिवसापासून धरलेले असतात. तुमच्या पॉलिसीत ते खरंच धरले आहेत ना, एवढं मात्र वाचून घ्या.

खरी मेख हप्त्यात नाही, खोलीभाड्याच्या मर्यादेत आहे. पालक-पॉलिसीत बऱ्याचदा साध्या खोलीला दिवसाला विमा रकमेच्या १ टक्का आणि आयसीयूला २ टक्के अशी अट असते. म्हणजे तुमच्याकडे साधी खोली ३,००० रुपयांपर्यंत. समजा ६,०००ची खोली चार दिवस घेतली. बिल असं : खोली २४,०००, सर्जन-भूल-ऑपरेशन थिएटर वगैरे ८०,०००, औषधं-तपासण्या-इम्प्लांट ६०,०००. एकूण १,६४,०००. तुम्हाला वाटेल, खोलीच्या फरकाचे १२,०००च आपल्या खिशातून जातील. पण खोली मर्यादेच्या दुप्पट, म्हणून सर्जन आणि थिएटरचा खर्चही निम्माच मंजूर होतो : ४०,०००. औषधं, तपासण्या आणि इम्प्लांटला ही कात्री लावता येत नाही. मंजूर रक्कम १२,००० + ४०,००० + ६०,००० = १,१२,०००. त्यातून २० टक्के को-पे वजा जाता हाती ८९,६००. तुमच्या खिशातून ७४,४००.

तेच ३,०००च्या खोलीत राहिलात, तर बिल १,५२,०००, को-पे ३०,४००, बस्स. चार दिवसांच्या ऐसपैस खोलीची किंमत ४४,००० रुपये पडली. प्रत्यक्षात आणखी जास्त, कारण खोलीचा दर्जा वाढला की बरीच रुग्णालयं डॉक्टरांचे दरही वाढवतात. दाखल करताना काउंटरवर 'आमची मर्यादा तीन हजार' हे पहिलं वाक्य असू द्या.

वैयक्तिक पॉलिसीशी तुलना करताना करासकट आकडे धरा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, ग्रुप पॉलिसीवर मात्र १८ टक्के लागतो. प्राप्तिकराची जुनी पद्धत निवडली असेल तर पगारातून कापलेल्या हप्त्याची वजावट मिळते. पालकांपैकी कोणी साठीच्या पुढचं असेल तर ५०,०००पर्यंत. लोकांच्या तोंडी '८० डी' आहे तीच ही. नव्या पद्धतीत ती नाही. कंपनीने स्वतः भरलेल्या हप्त्यावर कोणत्याच पद्धतीत मिळत नाही.

शिवाय आई-वडील किंवा सासू-सासरे, यांतली एकच जोडी निवडा अशी अट बहुतेक ठिकाणी असते. एक आई आणि एक सासू असं चालत नाही, आणि वर्षाच्या मध्ये जोडी बदलता येत नाही. घरात हा विषय नावं घालायची विंडो उघडण्याआधीच काढलेला बरा.

मुलगा २४ वर्षांचा, नुकताच नोकरीला लागला. धाकटी अविवाहित बहीणही माझ्यावरच अवलंबून आहे. दोघांची नावं ठेवता येतील?

मुलाचं नाही. वयाची अट बहुधा २५ असली तरी 'अविवाहित आणि कमावता नसलेला' हेही त्यातच असतं. खोटं लिहून नाव ठेवलंत तर ते क्लेमच्या वेळी उघडं पडतं. बहिणीचं नाव क्वचितच चालतं; तिच्यासाठी स्वतंत्र पॉलिसी घ्या.

आईच्या ऑपरेशनला कॅशलेस अडलं. ई-कार्डवरचं वय आणि नाव आधारशी जुळत नाही म्हणे. नोंद तर मी नीट केली होती.

बहुधा एक्सेलने घोळ घातला. ०३/०७ म्हणजे तुमच्यासाठी ३ जुलै, पण फाइल एका संगणकावरून दुसऱ्यावर जाताना तो ७ मार्च होतो. विंडोत तारीख भरताना महिना अक्षरांत लिहायची सोय असेल तर तसाच लिहा. नावाचं दुखणं वेगळं : एका कागदावर 'रखमा', दुसऱ्यावर 'रखमाबाई', बँकेत माहेरचं आडनाव. पॉलिसीत आधारवरचंच नाव अक्षरशः तसं द्या, कारण रुग्णालय तेच पाहतं.

आत्ता तातडीने एचआरकडून टीपीएला दुरुस्तीचा मेल पाठवायला सांगा. सोबत आधारची प्रत आणि तुमचा कर्मचारी क्रमांक जोडा. कॅशलेसच्या अर्जावर विमा कंपनीने तासाभरात निर्णय द्यावा, असं विमा नियामक आयआरडीएआयने २०२४ मध्ये सांगितलं आहे. म्हणजे अर्ज नेमका किती वाजता गेला, हे लिहून ठेवण्यात अर्थ आहे. तरीही नाही जमलं तर पैसे भरून मूळ बिलं, पावत्या, तपासण्यांचे अहवाल सांभाळा आणि नंतर परतफेडीचा क्लेम करा. नाव यादीत आहे, तेव्हा स्पेलिंगपायी हक्क बुडत नाही.

माझा पगार १९,८०० होता, ईएसआय (कमी पगाराच्या कर्मचाऱ्यांसाठीचा सरकारी विमा) कापला जायचा. जूनपासून २२,००० झाला. घरच्यांचे उपचार लगेच बंद?

नाही. २१,०००ची मर्यादा वर्गणीच्या सहामाहीच्या मध्ये ओलांडली, तर ती सहामाही संपेपर्यंत, म्हणजे तुमच्या बाबतीत सप्टेंबरअखेर, वर्गणी कापली जात राहते. त्या वर्गणीवरचे लाभ पुढे जानेवारी ते जूनमध्ये मिळू शकतात. दरम्यान कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये तुम्हाला कधी घेणार, हे एचआरकडून लेखी घ्या आणि त्या दिवसापासून घरच्यांच्या नावांचे ३० दिवस मोजा.

नोकरी बदलतोय. आई-वडिलांचं कव्हर कधी संपतं? मधल्या काळात काय?

बहुतेक करारांत शेवटच्या कामाच्या दिवशीच, महिनाअखेरीस नव्हे. ग्रुपमधून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय नियमांत आहे आणि ग्रुपमध्ये काढलेली वर्षं प्रतीक्षाकाळात मोजली जातात. मात्र वैयक्तिक पॉलिसी द्यायची की नाही आणि हप्ता किती, हे विमा कंपनी तब्येत पाहून ठरवते. म्हणून अर्ज नोटीस पीरियडच्या सुरुवातीलाच, शक्यतो महिनाभर आधी करा. त्याला लागतात विमा कंपनीचं नाव, पॉलिसी क्रमांक आणि मागच्या प्रत्येक वर्षाची ई-कार्डं. ती सगळी राजीनामा देण्याआधीच स्वतःच्या मेलवर घेऊन ठेवा. शेवटच्या दिवशी संध्याकाळी ऑफिसचं लॉगिन बंद होतं.