साडेसात लाखांचा कर्णा आणि तेरा टक्क्यांची ठेव

वाचकाचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

"जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो त्याला तीन वर्षं झाली. वय ६१, मुक्काम लातूर. पेन्शन ४२ हजार, घरखर्च ३८ हजारांत भागतो. घर स्वतःचं, मुलीचं लग्न झालं, मुलगा पुण्यात नोकरीला. लहानपणी माळेगावच्या यात्रेत तंबूतला सिनेमा पाहिला तेव्हापासून कर्ण्याच्या आवाजाचं वेड आहे. घरी व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांचा, रेडिओ होता, त्यावर सिलोन लागायचं. मागच्या महिन्यात पुण्याच्या एका दालनात ३००बी व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर आणि हॉर्नचे स्पीकर ऐकले अन् डोळ्यांत पाणी आलं. ॲम्प्लिफायर सव्वातीन लाख, स्पीकर सव्वाचार लाख. बँकेत ४ लाखांची एफडी आहे, सातच टक्के मिळतात, ती मोडावी म्हणतो. उरलेले साडेतीन लाख आमच्या मल्टीस्टेटमधून ठेवतारण कर्ज काढून उभे राहतील. तिथे आम्हा दोघांच्या नावावर २६ लाख १३ टक्क्यांनी आहेत, महिन्याला २८ हजार व्याज बिनचूक येतं, त्यातून हप्ता जाईल. बँकेतल्या मॅडमनी दिलेली वर्षाला एक लाखाची गॅरंटीड पॉलिसीही आहे, दोन हप्ते भरलेत. दालनवाले म्हणाले, या वस्तूंची किंमत वर्षागणिक वाढतच जाते. एफडी मोडू, की सगळंच कर्ज काढू? हिला अजून काही सांगितलेलं नाही."

गुरुजी, पत्र दोनदा वाचलं. ॲम्प्लिफायरचं नंतर बोलू. निवृत्तीचे २६ लाख एकाच मल्टीस्टेटमध्ये ठेवायला तुम्हाला कोणी सांगितलं? अंदाज करतो: पिग्मी गोळा करणारा तुमचाच एखादा माजी विद्यार्थी असणार, दारात आला की आधी वाकून नमस्कार करणारा. त्याच्यावर माझा राग नाही. अशा पोरांचे स्वतःचे आणि सासरवाडीचे पैसेही त्याच संस्थेत अडकलेले असतात.

मल्टीस्टेट म्हणजे बँक नव्हे. काउंटर तसाच, पासबुक तसंच, एसी तर सरकारी बँकेपेक्षा जास्त गार. पण तो पतसंस्थेचा प्रकार आहे आणि नावात 'बँक' हा शब्द वापरायला तिला परवानगी नाही. बोर्डावर 'मल्टीस्टेट' मोठ्या अक्षरात आणि 'को-ऑपरेटिव्ह क्रेडिट सोसायटी' बारीक अक्षरात असतं. खातं उघडताना शे-दोनशे रुपये घेऊन तुम्हाला सभासद करून घेतलं असेल, कारण ठेवी सभासदांकडूनच घेता येतात. बँक बुडाली तर ठेव विमा महामंडळ माणशी ५ लाखांपर्यंत भरून देतं; फेब्रुवारी २०२० आधी हा आकडा १ लाख होता. सहकारी बँकांनाही तो विमा लागू आहे. पतसंस्थेला नाही. तिथे तुमच्या २६ लाखांवर विमा शून्य.

आता पत्र पुन्हा वाचा. तुमच्याकडे विमा असलेली ठेव एकच आहे, ती ४ लाखांची एफडी. आणि मोडायला निघालात नेमकी तीच!

१३ टक्के कुठून येतात, हा प्रश्न तुम्ही सातवीतल्या पोराला गणितात घातला असता. ठेवीवर १३ द्यायचे तर संस्थेला कर्ज १७-१८ टक्क्यांनी वाटावं लागतं. बँका त्याच्या निम्म्या दराने गृहकर्ज द्यायला फोनवर फोन करत असताना १८ टक्के कबूल करून कोण येतं? ज्याला बँकेने दारातूनच परत पाठवलं तो. किंवा मग संस्थेच्याच अध्यक्षांचा कारखाना, दूध डेअरी, नाहीतर प्लॉटिंग. पहिला थकवतो. दुसऱ्याला वसुलीची नोटीस पाठवणार कोण, त्याचाच मॅनेजर?

बीडपासून नांदेडपर्यंत गेल्या काही वर्षांत किती शाखांची शटरं खाली आली हे तुम्हाला मी सांगायला नको. माझा मावसभाऊ त्यात आहे. संस्थेचं नाव लिहीत नाही. त्याचे ११ लाख होते, मुलीच्या मेडिकलच्या प्रवेशासाठी जपलेले. शटर पडायच्या आधी चार महिने त्याला 'पुढच्या सोमवारी या' असं सांगत होते आणि हा दर सोमवारी जाऊन चहा पिऊन परत येत होता. शेवटी सगळे पोलिसात गेले. ठेवीदारांच्या हितरक्षणाचा १९९९ चा राज्याचा कायदा आहे, त्याखाली मालमत्ता जप्त होते, लिलाव निघतात, कोर्टात तारखा पडतात. मल्टीस्टेटची नोंदणी दिल्लीला केंद्रीय निबंधकांकडे असते, त्यामुळे जिल्ह्यातल्या उपनिबंधकांकडे अर्ज घेऊन गेलं की 'हे आमच्या अखत्यारीत नाही' असं उत्तर मिळतं. पोरगी आता बीएस्सीला आहे.

तुमची संस्था बुडणारच असं मी म्हणत नाही. चांगल्या चाललेल्याही आहेत. पण हा धोका किती रुपयांसाठी पत्करताय, ते बघा. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत सध्या ८.२ टक्के मिळतात, सरकारच्या हमीने. १३ उणे ८.२ म्हणजे पावणेपाच टक्क्यांच्या आसपास. २६ लाखांवर वर्षाला सव्वा लाख. या जादा सव्वा लाखासाठी २६ लाख डावावर लावलेत. बुडाले तर ते जादा व्याजातून भरून निघायला २१ वर्षं लागतील. तोवर तुम्ही ८२ वर्षांचे.

'व्याज बिनचूक येतं' हा पुरावा धरू नका. भावाचंही शेवटच्या महिन्यापर्यंत येत होतं. नव्या ठेवीदाराच्या पैशातून जुन्याचं व्याज देता येतं, अगदी बिनचूक.

ठेवतारण कर्जाबद्दल एवढंच. असं कर्ज ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के चढ्या दराने मिळतं, म्हणजे स्वतःचेच पैसे वापरायला तुम्ही वर्षाला साडेतीन ते सात हजार भाडं द्यायचं. आणि हसू नका, पण उद्या तिथे काही झालंच तर २६ लाखांतले तुमच्या घरात सुखरूप पोचलेले पैसे हे साडेतीन लाखच असतील, स्पीकरच्या रूपाने. मी तुम्हाला ॲम्प्लिफायरपासून परावृत्त करावं म्हणून हे पत्र आलं असेल, तर पंचाईत आहे. तुमच्या सगळ्या व्यवहारात त्यातल्या त्यात समजून-उमजून केलेला खर्च तोच दिसतोय.

तेव्हा करायचं ते असं. सोमवारी शाखेत जा आणि फक्त ५ लाख मागा. मुदतीआधी मोडल्याचं व्याज कापतील, कापू द्या. पैसे आरटीजीएसने तुमच्या बँक खात्यात मागा. चेक नको, 'नव्या योजनेत वळते करतो' तर अजिबात नको. अर्ज दोन प्रतींत, एकीवर शिक्का आणि तारीख. दोन-तीन दिवसांत पैसे आले तर लगेच उरलेल्या २१ लाखांचा अर्ज द्या. 'पुढच्या आठवड्यात बघू' असं ऐकू आलं तर सगळ्याच रकमेचा अर्ज त्याच टेबलावर लिहा आणि वकील गाठा. मॅनेजर अर्धा टक्का वाढवून देतो म्हणाला तर त्याहून घाई करा.

सगळे आले असं धरू. मोडल्याचा दंड पन्नासेक हजार जाईल, हाती साडेपंचवीस लाख. त्यातले २० लाख पोस्टात किंवा सरकारी बँकेत ज्येष्ठ नागरिक योजनेत. दर तिमाहीला ४१ हजार, महिन्याचे साडेतेरा हजार धरा. पेन्शनमध्ये मिळवले की ५५ हजारांच्या वर, खर्च ३८ हजार. म्हणजे महिन्याला १७ हजार शिल्लक. आज हातात ७० येतात त्याचे ५५ होतील हे टोचेल, कबूल. राहिलेल्या साडेपाचपैकी अडीच लाख अडीनडीला एफडीशेजारी, मात्र दुसऱ्या बँकेत, म्हणजे दोन्ही विम्याच्या मर्यादेत राहतील. उरले ३ लाख.

त्याआधी दोन फुटकळ गोष्टी. एक, ती 'गॅरंटीड' पॉलिसी. साठीच्या माणसाला वर्षाला लाखाचा हप्ता गळ्यात मारणं याला सल्ला म्हणत नाहीत, टार्गेट म्हणतात. असल्या पॉलिसीचा परतावा काढून बघितला की पाचाच्या आसपास येतो, कागदावर काहीही छापलेलं असो. आज मोडली तर किती मिळतील आणि हप्ते थांबवले तर मुदतीअखेर किती, हे दोन आकडे कंपनीकडून लेखी मागवा आणि मला कळवा. तिसरा हप्ता तोपर्यंत भरू नका. दुसरं म्हणजे, अख्ख्या पत्रात मेडिक्लेमचा शब्द नाही. ॲम्प्लिफायरच्या आधी तुम्हा दोघांचा दहा लाखांचा आरोग्य विमा. वर्षाला पन्नास-साठ हजार जातील, शिलकीतून जातात. बीपी-शुगर असेल तर अर्जात लपवू नका.

हं, आता कर्णा.

तुमचे कान बरोबर सांगतायत. ३००बी हा व्हॉल्व्ह वेस्टर्न इलेक्ट्रिकने १९३८ साली आणला, तो अमेरिकेतल्या सिनेमागृहांच्या ॲम्प्लिफायरसाठीच. एकट्याने चालवला तर जेमतेम ८ वॉट देतो. एवढ्याशा ताकदीत थिएटर भरायचं म्हणून पुढे हॉर्न लावायचे. भोंग्याच्या आकारामुळे स्पीकरमधल्या पडद्याची हालचाल हवेपर्यंत वाया न जाता पोचते. माळेगावच्या तंबूतला कर्णा या घराण्यातला गरीब चुलतभाऊ होता, तेव्हा डोळ्यांत पाणी येणं साहजिक आहे.

पण हेच गणित खरेदीत उलटतं. चांगला हॉर्न एका वॉटवर एक मीटर अंतराला १०० डेसिबलच्या पुढे आवाज देतो, साधा घरगुती स्पीकर ८८ च्या आसपास. दर ३ डेसिबलला ताकद दुप्पट लागते, म्हणजे हॉर्नला १ वॉट पुरतो तिथे साध्या स्पीकरला १६. म्हणून ३००बी आधी घेऊन 'स्पीकर पुढच्या वर्षी बघू' असं करता येत नाही. स्पीकर आधी ठरतो, मग व्हॉल्व्ह. आणि घरात ८० डेसिबलवर ऐकायला १०० डेसिबलच्या हॉर्नला किती वॉट लागतात? एका वॉटचा शंभरावा भाग. सव्वातीन लाखांतलं बहुतेक सामान झोपा काढत असतं.

खोली किती मोठी आहे ते तुम्ही लिहिलं नाही. मोठ्या हॉर्नच्या वेगवेगळ्या भोंग्यांतला आवाज कानाशी एकत्र व्हायला अंतर लागतं. पॉल क्लिप्श यांनी १९४० च्या दशकात केलेला प्रसिद्ध हॉर्न तर खोलीच्या कोपऱ्यांनाच आपला भाग करून घेतो. दोन रिकामे कोपरे नसतील तर त्याचा खर्ज उभा राहत नाही. सहा फुटांवर सोफा असेल आणि एका कोपऱ्यात देव्हारा, दुसऱ्यात कपाट, तर पुण्याच्या दालनातला आवाज लातुरात येणार नाही.

चालू खर्चही दालनात कोणी सांगत नाही. हा ॲम्प्लिफायर गाणं असो-नसो दीड-दोनशे वॉट खातच राहतो. बिलात महिन्याला दोनशे रुपये, फार नाही. पण ती सगळी उष्णता खोलीत, आणि मे महिना आपलाच आहे. रोज तीन तास ऐकलं तर वर्षाला हजार तास. तीन-चार वर्षांनी व्हॉल्व्हची जोडी बदलायची. चिनी जोडी पंधरा-वीस हजारांपासून, वेस्टर्न इलेक्ट्रिकची स्वतःची लाखाच्या पुढे. शिवाय चीनमधून आलेलं बरंच यंत्र २२० व्होल्टसाठी गुंडाळलेलं असतं. आपल्याकडे रात्री लोड उतरला की २४५ दिसतात, मग व्हॉल्व्हमधल्या ५ व्होल्टच्या फिलामेंटला, म्हणजे तापणाऱ्या तारेला, साडेपाच मिळतात आणि व्हॉल्व्ह अकाली म्हातारा होतो. ट्रान्सफॉर्मरला २३० किंवा २४० चं टोक आहे का, हे पैसे द्यायच्या आधी विचारा. स्टॅबिलायझर लागेलच. आणि झाकण स्वतः उघडू नका. आत चारशे व्होल्टच्या घरात डीसी असतो, प्लग काढल्यावरही वीज साठवणारे कपॅसिटर तो धरून ठेवतात.

'किंमत वाढत जाते' हे दालनवाल्याचं वाक्य विसरा. थिएटरमधून निघालेल्या जुन्या अस्सल वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या किमती जपानी शौकिनांनी वर नेल्या, ते खरं. नवीन खोका घरी आला की विकताना निम्मे आले तरी पेढे वाटा. हा खर्च आहे. खर्च म्हणून करा, उगाच गुंतवणुकीचं सोवळं नेसवू नका.

तीन लाखांत काय येईल? ईएल३४ जातीच्या व्हॉल्व्हचा ३५-४० वॉटचा ॲम्प्लिफायर लाख-सव्वा लाखात. वरचा आवाज हॉर्नमधून आणि खालचा साध्या वूफरमधून देणारे स्पीकर लाख-दीड लाखात. उरलेले स्टॅबिलायझर आणि रेकॉर्ड्सना. ३००बीच हवा असेल तर दोन वर्षं थांबा. विम्याचा हप्ता वजा जाता महिन्याला बारा हजार उरतात, त्यांचे तीन लाख होतील, मग हा संच विकून तो घ्या. दालनात पुन्हा जाल तेव्हा स्वतःची रेकॉर्ड न्या, त्यांची नको, आणि तासभर घरच्याइतक्याच आवाजात ऐका.

शेवटचं. हिला काही सांगितलेलं नाही, असं तुम्ही लिहिलंय. ठेव दोघांच्या नावावर आहे, मोडायच्या अर्जावर काकूंचीही सही लागण्याची शक्यता आहे. तेव्हा रविवारी रात्रीपर्यंत सांगावंच लागेल. आधी मल्टीस्टेटचं सांगा. ते ऐकल्यावर ॲम्प्लिफायरचं त्यांना काहीच वाटणार नाही.