'शाश्वत विकास'मधला शाश्वत कोणता?

कराडहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या एका ताईंनी विचारलंय: "हिंदी पुस्तकात 'सतत विकास' आहे, मराठीत 'शाश्वत विकास', कुणी 'टिकाऊ विकास' लिहितं. उत्तरपत्रिकेत काय लिहू? आणि जगात काहीच शाश्वत नाही असं आपणच म्हणतो, मग विकास तेवढा शाश्वत कसा?"

उत्तरपत्रिकेपुरतं म्हणाल तर 'शाश्वत' लिहा आणि मोकळ्या व्हा. संयुक्त राष्ट्रांनी 2015 साली ठरवलेली 17 उद्दिष्टं मराठीत 'शाश्वत विकास' याच नावानं रुळली आहेत. 'सतत' मात्र चुकूनही उचलू नका. हिंदीत तो चालतो; मराठीत सतत म्हणजे न थांबता. सतत पाऊस, सतत कटकट. 'सतत विकास' म्हटलं की मला दिवसरात्र चालणारा जेसीबीच दिसतो. 'टिकाऊ' अर्थाला जवळचा आहे, पण तो चपलेला आणि चादरीला शोभतो, आणि शाळेतल्या 'टाकाऊतून टिकाऊ'ने त्याची उरलीसुरली प्रतिष्ठाही घालवली.

तुमचा दुसरा प्रश्न खरा चांगला. संस्कृतात शाश्वत म्हणजे कायमचं, अविनाशी. गीतेत हे विशेषण आत्म्याला लावलंय. मराठीनं मात्र त्याच घरातली 'शाश्वती' घेतली आणि तिला रोजच्या कामाला जुंपलं: "पावसाची काय शाश्वती नाही", "त्याच्या शब्दाची शाश्वती कोण देणार?" इथे चिरंतन वगैरे काही नाही, इथे आहे खात्री. त्यातूनच 'शाश्वत सिंचन', 'शाश्वत उत्पन्न' हे कृषी खात्याचे लाडके शब्द आले. आटपाडीचा शेतकरी शाश्वत पाणी म्हणतो तेव्हा त्याला हमखास येणारं पाणी हवं असतं, आत्म्यासारखं अविनाशी नव्हे.

विकासातला 'शाश्वत' याहून वेगळा. नॉर्वेच्या ग्रो हार्लेम ब्रुंटलँड यांच्या अध्यक्षतेखालच्या संयुक्त राष्ट्रांच्या आयोगानं 1987 साली व्याख्या केली, तिचा आशय असा: पुढच्या पिढ्यांच्या गरजा भागण्यात बाधा न आणता आजच्या गरजा भागवणारा विकास. कल्पनेचं मूळ त्याहून जुनं, आणि ते एका खाणवाल्याच्या डोक्यातलं. सॅक्सनीतल्या खाणींना लाकूड पुरेना, तेव्हा तिथल्या खाणखात्यातले हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ यांनी 1713 साली लिहिलं की तोड अशी करा की जंगल मागे उरेल. त्यांनी वापरलेल्या जर्मन शब्दात 'राखून धरणं' आहे. खात्री नाही की अमरत्व नाही. आपलं 2006 चं राष्ट्रीय पर्यावरण धोरणही पिढ्यापिढ्यांमधल्या न्यायाची भाषा करतं, गरिबांच्या उपजीविकेची सुरक्षितता त्याच्या शेजारीच ठेवतं आणि पर्यावरणाचा विचार आर्थिक नियोजनात मिसळायला सांगतं.

हे दोन अर्थ एकमेकांना भिडले की काय होतं, ते बघायला तुम्हाला लांब जायला नको. सांगली जिल्ह्यात वाळवा, मिरज भागात चला. कृष्णाकाठी उसाला लिफ्टचं, म्हणजे नदीतून पंपानं उचललेलं, खात्रीचं पाणी मिळालं, ते मोकाट सोडलं गेलं, काळ्या भारी जमिनीतून निचरा होईना, खालचे क्षार वर आले. रानावर पांढरा थर, आणि जमीन क्षारपड. पाणी शाश्वत, रान अशाश्वत! आता जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून ते पाणी ओढ्याला काढायचं, तेही एकट्यानं नाही, कारण शेजाऱ्याच्या रानातून पाइप गेल्याशिवाय ओढा येत नाही.

'राखून धरणं' मराठीला परकं आहे असं मात्र समजू नका. 'राखीव' आहे, 'राई राखणं' आहे, आणि माझा आवडता, 'बेवड'. "औंदा हरभरा कर, उसाला बेवड चांगला" हे वाक्य आमच्याकडे पोरंसुद्धा बोलतात. आधीचं पीक पुढच्या पिकासाठी जमिनीत जे मागे ठेवून जातं, तो बेवड. 'बेवडयुक्त विकास' कुणी छापणार नाही (बाटलीवाल्या बेवड्याशी गल्लत व्हायची), पण मला व्याख्या समजावायची असली की मी तिथूनच सुरू करतो.

दुसरं उदाहरण सांगलीच्याच खानापूर तालुक्यातल्या बलवडीचं. येरळा नदीतल्या वाळूच्या उपशाविरुद्ध लोक उभे राहिले आणि त्यातलीच थोडी वाळू स्वतः विकून 1980 च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी बळीराजा स्मृती धरणाला पैसा उभा केला. पाण्याचा वाटा भूमिहीनांनाही ठरला. परीक्षेत उदाहरण मागितलं तर हे द्या, तपासणाराही जरा जागा होईल.

आणि हो, व्याख्या लिहिताना 'पुढच्या पिढ्या' हे शब्द गाळू नका. ते गळले तर तुमचं उत्तर शाश्वत सिंचनाचं होईल.